माहिती कुणी पुरवली?

जयसिंगपूर
२२ जानेवारी २००२

प्रिय विद्याश्री,

फोन असताना अव्वा पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोन दुकानात आहे, आणि दुकानात हल्ली कुणी नुसतं खोकलं तरी तुझे अप्पा मान वळवून त्याच्याकडे बघतात. म्हणून हे पत्र. ते घरातल्या कुणाच्या हाती देणार नाही, मीच पोस्टात नेऊन टाकणार आहे. तूही एकटी असताना वाच. जावईबापूंना मागाहून सांगितलंस तर चालेल.

नागपूरहून परतल्यापासून या घरात एकच विषय आहे. आमदारबाईंना माहिती कुणी पुरवली? हो, आता तुला ते आमदारबाई म्हणतात. निवडणुकीच्या वेळी 'आमची विद्या, आमची विद्या' करत भांड्यांचं दुकान बंद ठेवून कोल्हापुरात दारोदार फिरले होते. व्यापारी असोसिएशनचे अध्यक्ष असूनही एकेका व्यापाऱ्याला हात जोडले होते. तुझा प्रश्न पहिल्यांदाच सभागृहात तोंडी उत्तराला येणार म्हटल्यावर त्यांनी नवा कोट शिवला आणि मला घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघाले. प्रश्न कशाचा आहे ते तू सांगितलं नव्हतंस, 'ग्राहकांबद्दल आहे' एवढंच म्हणाली होतीस. पुणं येईपर्यंत अख्ख्या डब्याला कळलं होतं की या पावण्यांची मुलगी उद्या अर्थमंत्र्यांना जाब विचारणार आहे.

तू सकाळपासून आत होतीस, त्यामुळे व्हरांड्यात काय झालं ते तुला ठाऊक नाही. तुझ्या पीएनं छापील प्रश्नोत्तरांची प्रत अप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली. कोल्हापूर जिल्ह्यातले काही दुकानदार गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घेतात पण पक्कं बिल देत नाहीत, तो कर सरकारकडे भरत नाहीत, आणि बिल नसल्यामुळे माल खराब निघाला तर गिऱ्हाइकाला ग्राहक मंचात दाद मागता येत नाही, हे खरे आहे काय? त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी बघत होते. मग खालचं उत्तर वाचलं. 'हे खरे नाही.' आणि त्याखाली, 'प्रश्न उद्भवत नाही.' लगेच चेहरा सैल झाला. म्हणाले, मिटलं, चल आत. मला मात्र ते शब्द टोचले. माणूस हात भाजून घेऊन दारात उभा असतो, आणि सरकार म्हणतं प्रश्न उद्भवतच नाही.

पण तू बसली नाहीस. उपप्रश्न विचारत राहिलीस. मंत्र्यांच्या बाजूच्या गॅलरीत बसलेले अधिकारी चिठ्ठ्या पुढं सरकवत होते, मंत्री त्या वाचून तेच ते उत्तर देत होते. तक्रार आलेली नाही, तपासण्या नियमित होतात, व्यापारी वर्ग सहकार्य करतो. तेव्हा तू म्हणालीस, दुकानदार गिऱ्हाइकाच्या पायात काय आहे ते बघतो. बूट असले तर पक्कं बिल, पाय अनवाणी असले तर चिठ्ठी. मंत्री हसून म्हणाले, सन्माननीय सदस्यांचे वडीलच व्यापाऱ्यांचे अध्यक्ष आहेत असं ऐकतो, त्यांनाच घरी विचारून घ्यावं. केवढे हसले सगळे. माझ्या शेजारी अप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आणि तू शांतपणे म्हणालीस, "अध्यक्ष महाराज, वडिलांना मी घरी विचारीन. इथं मी सरकारला विचारते आहे."

विद्या, त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मंत्र्यांनी मार्चमधल्या पुढच्या अधिवेशनाच्या आत चौकशी करून माहिती देऊ असं आश्वासन दिलं तेव्हाच तू खाली बसलीस. मी अप्पांकडे बघायचं टाळलं.

परतीच्या गाडीत त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. मनमाड गेल्यावर एकदाच बोलले, "पायातलं बघून बिल, हे काउंटरला बसल्याबिगर कुणाला कळायचं न्हाय. आपल्यातलाच कुणीतरी हाय."

तिथून सुरू झालं. पहिला संशय अमरेशवर. दुकानात कॉम्प्युटर घेऊ, सगळी बिलं त्यातूनच काढू, असं तो दोन वर्षं म्हणत होता. बहिणीशी संगनमत असणार, असं त्यांनी ठरवलं. तुझ्या भावाला तोंडावर काही म्हणाले नाहीत, पण गल्ल्यावर त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. मग जावईबापूंची पाळी. दिवाळीत ते दुकानात बसले होते, सारखं इकडंतिकडं बघत होते, असं आता यांना आठवायला लागलं. मग समोरचा स्टोव्हवाला, मग बिलबुकं छापणारा. जेवताना एकेक नाव काढायचे, स्वतःच पुरावा द्यायचे, स्वतःच खोडायचे. मी भाकरी वाढत असायची. तेवढ्या सगळ्या दिवसांत मान वर करून एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी संशय येऊन थांबला तो कृष्णातवर. तुला खांद्यावर बसवून शाळेत सोडणारा कृष्णात. तुझ्या जन्माच्या आधीपासून तो आपल्या काउंटरला आहे. तुझ्या निवडणुकीत त्यानं मनापासून काम केलं, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं. अप्पांनी आधी त्याच्याकडची किल्ली काढून घेतली. मग त्याला काउंटरवरून उठवून मागच्या गोदामात भांडी पुसायला बसवलं. तो विचारायला आला, मालक, काय चुकलं? यांनी त्याला परत गोदामात पाठवलं. असोसिएशनच्या बैठकीत ठरलं की संक्रांत झाली की त्याला काढायचं, आणि गावातल्या कुठल्याही दुकानानं त्याला ठेवून घ्यायचं नाही. त्याची बायको धोंडुबाई मागच्या दारानं माझ्याकडे आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, वैनी, तुमच्या विद्याताईंनी एकदा सांगावं की आमच्या ह्यांनी काही सांगितलं नाही. मी तिला चहा दिला.

तू सांगितलं असतंस तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता. 'मग कोण?' हा प्रश्न उरलाच असता.

भोगीला बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली होती. अमरेश जेवून गेला होता. अप्पा म्हणाले, उद्या सण आहे, परवा कृष्णातचा हिशेब करून टाकतो. मी ताटात तूप वाढत होते. तशीच म्हणाले, "कृष्णात न्हाय. मी सांगितलं विद्याला."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं ओरडतील, ताट सारतील. तसं काही झालं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरनं?"

बघ की. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर त्यांना हेच वाटलं, की हिला कुणीतरी पढवलं असणार. मीही कुणाची तरी माणूस असणार. रागाचं मला काही वाटलं नसतं, पण हे फार लागलं. मी म्हणाले, "बयाबाईचा हात बघून."

ते नाव त्यांना आठवलंच नाही. मला सांगावं लागलं. शिरोळकडच्या एका वाडीतली बयाबाई, मुलीच्या लग्नात द्यायला आपल्याकडून कुकर घेऊन गेली होती. कर लावून पैसे घेतले आणि हातात नुसती चिठ्ठी दिली, तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही. दुपारी यांच्या जेवणाच्या वेळेला मी बाहेर येऊन बसते, तेव्हा मी ते बघितलं. पहिल्याच भाताला झाकण उडालं. मुलीला काही झालं नाही, हात भाजला तो आईचा. फडकं बांधलेला हात आणि तो कुकर घेऊन ती आली तेव्हा तुझे अप्पाच गल्ल्यावर होते, मी आतल्या दारात होते. "आमच्या दुकानातला कशावरून?" एवढंच त्यांनी विचारलं. ती कोल्हापूरला ग्राहक मंचात गेली, तिथं बिल आणायला सांगितलं, म्हणून परत आली. परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा ती आली नाही. श्रावणात आपण जोतिबाला गेलो तेव्हा गाडीत ड्रायव्हर होता म्हणून मी गप्प होते. पायऱ्या उतरताना तुला सगळं सांगितलं. तू थांबलीस, माझा हात धरलास, आणि विचारलंस, अव्वा, मी हे विचारू? मी हो म्हणाले. नीट समजून हो म्हणाले होते.

अप्पा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी कृष्णातला बोलावून किल्ली परत दिली. कारण सांगितलं नाही, चूक झाली असंही म्हणाले नाहीत, पण दिली. तिळगूळ मात्र त्यांनी माझ्या हातून घेतला नाही. सुनेच्या हातून घेतला. घरात बोलणं बंद. मी ते धरूनच होते. चार दिवस जातील, महिना जाईल, कधीतरी पाणी मागतील, असं म्हणत होते.

पण आठवडाभरातच ते हसायला लागले, आणि मला भीती वाटली.

शुक्रवारी तुझा फोन आला होता. मी आत धान्य निवडत होते. ते फोनवर खुशीत बोलत होते. 'बरं बरं, मग मार्चमधलं मार्चमध्ये बघू,' असं म्हणाले. मग म्हणाले, 'घरचं घरात मिटतंय हेच बरं.' फोन ठेवल्यावर अमरेशला बोलावून हार, शाली, निमंत्रणपत्रिका यांचं बोलणं सुरू झालं. असोसिएशन तुझा सत्कार करणार आहे म्हणे, फेब्रुवारीत, मार्केट यार्डात. नागपूरनंतर तुला पुन्हा गावात पाऊल ठेवू देणार नाही म्हणणारे तेच लोक तुला फेटा बांधणार आहेत. व्यापारी फुकट हार घालत नाही, विद्या. व्यापाऱ्याच्या घरात माझा जन्म गेला आहे, मला ते कळतं.

अमरेशला विचारलं तर तो नजर चुकवत म्हणाला, अक्का आता ते आश्वासन लावून धरणार नाही असं अप्पा म्हणतात. मी म्हणाले, असं ती म्हणाली की अप्पा म्हणतात? तो म्हणाला, मला माहीत नाही. तेव्हापासून मीही तुझ्या अप्पांसारखीच झाले आहे. एकेक आठवते आणि तपासते. शुक्रवारी तू मला फोनवर का बोलावलं नाहीस? संक्रांतीला येणार होतीस, का आली नाहीस? मीच सगळं कबूल केलं हे अप्पांकडून कळलं, आणि अव्वाला घरात त्रास नको म्हणून तू मागं सरलीस का? की फेट्याला भुललीस? दुसरं मला खरं वाटत नाही. पण नागपूरला जाण्याआधी कितीतरी गोष्टी मला खऱ्या वाटत नव्हत्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. काल मंत्र्यांच्या आश्वासनाप्रमाणे चौकशीला विक्रीकर खात्याचा माणूस आला होता. दुकानात बसला, चहा घेतला. असोसिएशनची मंडळी आधीच येऊन बसली होती. सगळे म्हणाले, आमच्याकडे असं काही होत नाही. तो लिहून घेत होता, आणि अप्पा त्याला पान देत होते. मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, माझंही लिहून घ्या. रत्नव्वा सिद्धाप्पा शेटे, राहणार इथंच, दुकानाच्या मागं. बयाबाईचं सगळं सांगितलं आणि खाली सही केली. अप्पांनी पानाचा डबा मिटला. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आता विद्या गप्प बसली तर तू काय करणार हाईस?" त्याचं उत्तर तुझ्याकडेच आहे. म्हणून तुला विचारते. तू त्यांना फोनवर काय कबूल केलंस ते मला लिही. माझ्यासाठी म्हणून गप्प बसायचं ठरवलं असशील तर तसं करू नकोस, आता माझं लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मार्चमध्ये मंत्री उभे राहून सगळ्या व्यापाऱ्यांचे जबाब वाचतील. तेव्हा तू उठली नाहीस, तर त्या सगळ्या कागदांत खोटं बोलणारी मी एकटीच ठरेन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
अव्वा