पुढच्याची चूल

मेयो, २६ फेब्रुवारी

चि. इडेल हिस,
ऑरिनमामाचे अनेक आशीर्वाद. ९ मार्चला तुझ्या अल्बमच्या कार्यक्रमात फिडल वाजवायला मी येऊ शकत नाही. सापळे बघायला निघालो आणि नदीच्या वळणावर बर्फ फुटला, कमरेपर्यंत भिजलो. कशीबशी केबिन गाठली, तर चूल थंड. लाकूड नाही, ढलपी नाही. बोटं कुऱ्हाड धरीनात. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं डॉक्टरांनी काढली.

पुढच्या माणसासाठी चूल रचून निघायचं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही कळतं. कुणी शहरी शिकारी राहून गेले असतील. तुझी मामी त्यांना रोज शिव्या घालते. तुझं ‘पुढच्याची चूल’ हे गाणं मात्र नीट म्हण. काही सांगण्यासारखं असलं तर दोन ओळी टाक. लोभ आहेच.
– ऑरिनमामा

व्हाइटहॉर्स, १० मार्च

ती. ऑरिनमामास,
इडेलचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र इतके दिवस उशाखाली होतं, उत्तर लिहायचा धीर झाला नाही. शिकारी कुणी नव्हते, मामा. ती मी. जानेवारीत गाणी करायला तुम्ही केबिन दिलीत, हे गाणंही तिथेच झालं. मला परत न्यायला माझा मित्र डार्सी बर्फगाडी घेऊन लवकर आला आणि घाई करू लागला. शेवटचं लाकूड मी सकाळीच जाळलं होतं. एवढ्यात कोण येतंय म्हणून तशीच निघाले.

काल हॉल भरला होता. चूल रचून निघायचं हे मी मामाच्या केबिनमध्ये शिकले, असं मी सांगितलं. लोक उभे राहिले, काही रडले. पुन्हा म्हण म्हणाले, आणि तुमची बोटं ठाऊक असूनही मी पुन्हा म्हटलं. मला माझ्याच आवाजाची लाज वाटते. हे गाणं आता कधीच म्हणणार नाही. मामीला तोंड कसं दाखवू? रागवा, पण मला तोडू नका.
तुमची,
इडेल

मेयो, १९ मार्च

चि. इडेल हिस,
आशीर्वाद. मला त्याच दिवशी कळलं होतं. टेबलावर तुझ्या गाण्याचे कागद होते. ते पेटवून, खुर्ची मोडून मी उरलेली बोटं वाचवली, म्हणजे तुझी गाणी अगदीच वाया गेली नाहीत. शिकाऱ्यांचं मुद्दाम लिहिलं. कार्यक्रमाआधी तू खरं कळवशील असं वाटलं होतं. रोज टपाल बघायला जात होतो. बोटांपेक्षा ते जास्त दुखलं.

मामीला सांगितलं. दोन दिवस तिने त्याच शिव्या तुला घातल्या, तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी मूस हरणाचं मटण सुकत घातलं.

गाणं टाकायचं नाही. ईस्टरला इथल्या हॉलमध्ये ये. चूल कुणी रिकामी ठेवली ते आधी सगळ्यांना सांग, मग म्हण. मी पहिल्या रांगेत बसेन. टाळ्या वाजवणं मला जमायचं नाही, इतर वाजवतात का ते बघू.

लोभ कमी झालेला नाही.
– ऑरिनमामा