दारामागचा कोट

ती. काकांना साष्टांग नमस्कार (कागदावर तो सोपा जातो). तुमचे गुडघे आणि रक्तदाब दोन्ही मर्यादेत असावेत. मी ठीक आहे. लिफ्ट तपासून पोट भरते आणि, तुम्ही विचारण्याआधीच सांगते, वेळेवर जेवते.

लिहिण्याचं कारण किरकोळ आहे. थंडीतला जाड कोट आता लागत नाही, म्हणून दारामागच्या खुंटीवर टांगला. वर जुनं हेल्मेट. कामावरून आले, दिवा लावून दार लोटलं, की तिथे माणूस उभा दिसतो आणि मी दचकते. खुंटी मीच ठोकली, कोट मीच टांगला, तरी रोज. (लिफ्टचे ब्रेक तपासणाऱ्या बाईला हे शोभत नाही.)

एकदा जेवणाच्या सुट्टीत हे बोलून गेले आणि फसले. आमच्याकडे चार भाषांची माणसं. आपसात भांडता यावं इतपत एकमेकांचं कळतं. इटालियन वेल्डर म्हणाला, याला स्पाव्हेंतो म्हणतात, म्हणजे भीती, विषय संपला. स्पॅनिश बोलणारा इलेक्ट्रिशियन म्हणाला, एस्पांतो! आणि आमच्याकडे भुतालाही तेच म्हणतात, तेव्हा बाई, घर बदला. फ्रेंच साहेबांनी त्याच घराण्यातला एक शब्द काढला, तो निघाला शेतातलं बुजगावणं (हेल्मेटमुळे मला हे पटलं). स्टोअर सांभाळणाऱ्या पोर्तुगीज बाईंनी मात्र चमचा खाली ठेवला. "अगं, आमच्यात इश्पांतु म्हणजे आधी नवल, मग भीती. घरात अचानक कोणी दिसलं की वाटतं ना, तसं." यावर जी जुंपली, तीत माझं जेवण गार झालं आणि कोट बाजूलाच राहिला.

मागच्या आठवड्यात घरमालकीण नळ दुरुस्त करून घ्यायला आली (एक किल्ली तिच्याकडे असते) आणि जाताना तिने कोट घडी घालून कपाटात ठेवला. नीटनेटकी बाई. संध्याकाळी मी दिवा लावला, दार लोटलं. मागे नुसती खुंटी. काका, दार पुन्हा उघडून पुन्हा लोटलं, तरी कोणी नाही. चारही शब्द लावून पाहिले, एकही बसेना. माणसाला स्वतःच स्वतःला दचकवता येत नाही; करून पाहिलं.

लहानपणी तुम्ही दारामागे लपून "भॉ" करायचात आणि विचारायचात, "काय, घाबरली का आमची वाघीण?" मी दरवेळी "नाही" म्हणायचे. उत्तर अजून तेच आहे.

बाकी क्षेम. काळजी नसावी.

तुमची,
वाघीण

ता. क. कोट परत टांगून पाहिला. आता तो कोटच दिसतो.

ता. क. २ : तुम्ही यावं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पत्र पुन्हा वाचून खात्री केली आहे.

ता. क. ३ : आमच्या इमारतीतली लिफ्ट उत्तम चालते, गुडघ्यांना त्रास होणार नाही. काका म्हणून कोणी आलं तर किल्ली द्या, असं घरमालकिणीला सांगून ठेवलंय. मी सहाला येते. दारामागची खुंटी उपटून टाकली; तुमच्या डोक्याला लागली असती.