सीटखालचा आकडा

ता. ६ जानेवारी

चि. टाचणी हिस,
अ. उ. आ.

पत्राच्या मागोमाग एक पार्सल येईल. उघडल्यावर दचकू नकोस, माझ्या मोटारसायकलची सीट आहे. दोन बोल्ट काढले आणि तिला माहेरी पाठवली. बाबांनी ती केली त्याला वीस वर्षं झाली. त्यांच्यामागे सीटचं दुकान तू चालवतेस, तेव्हा दुरुस्तीही तूच करायची.

काम एवढंच, की उंची दीड इंच उतरव. सिग्नलला थांबलं की माझे नुसते चवडे टेकतात, टाचा अधांतरी. वयाने डावा गुडघा जरा आखडलाय, पुरता सरळ होत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करत घरोघरी फिरायचं, मागे हत्यारांची पेटी, आणि दर चौकात चवड्यांवर नाच करायचा, हे काही मला शोभत नाही. तुझी वहिनी म्हणते, आता पायी फिरा. पेटी तू उचलणार असशील तर माझी ना नाही, असं मी तिला म्हटलं. तेव्हापासून आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडतंय.

बाबा प्रत्येक सीट उलटी करून खालच्या पत्र्यावर जमिनीपासूनची उंची पिवळ्या तेलखडूने लिहायचे, आठवतं ना? माझ्या सीटखाली त्यांच्या हातचा ३२ अजून आहे. तो पुसून तुझा आकडा लिही. मी काही टेप लावून बघणार नाही. आपल्या दुकानाचा आकडा कधी चुकलेला नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ तुझ्या जन्मापासून आहे, त्यात आता भर घालायला जागा नाही.

दादा

ता. १९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सीट मिळाली. रेक्झिन सोललं आणि आधी हसले. गिऱ्हाईक तोंडाने काहीही सांगो, त्याची बसायची खोड फोमला माहीत असते. तुझा फोम उजवीकडे पार चपटा झालाय आणि डावीकडे कालच भरल्यासारखा. तू गाडीवर बसतोस की खुंटीला शर्ट टांगतात तसा एका बाजूला लटकतोस?

मग मात्र हसू राहिलं नाही. दादा, डाव्या पायाला काय झालंय? गुडघा आखडला म्हणून माणूस एवढा कलत नाही. खरं काय ते लिही.

काम मनासारखं झालंय. नुसता फोम कापून भागत नाही, बसताना खालचा पत्रा टोचतो. म्हणून मध्ये खोलगट केलं आणि पुढच्या दोन्ही कडा तासल्या, म्हणजे मांड्या फाकणार नाहीत आणि पाय सरळ खाली जाईल. बाबांचा ३२ पुसवेना, म्हणून त्याच्यावर एक रेघ मारली आणि शेजारी साडेतीस लिहिलं. वहिनींना सांग, मिठाचा सूड माझ्या भावावर फार दिवस उगवू नका.

पत्राची वाट बघते. माया पातळ करू नकोस.

तुझी टाचणी

ता. २८ मार्च

चि. टाचणी हिस,
अ. उ. आ.

उशीर झाला, रागावू नकोस. सीट बसवली त्या दिवशी पहिल्याच सिग्नलला दोन्ही टाचा टेकल्या. इतका आनंद झाला की हिरवा दिवा लागला तरी मी तसाच उभा. मागच्यांनी हॉर्न वाजवून माझं कौतुक केलं.

डाव्या पायाचं विचारलंस. त्याला विचारून कळवतो, सध्या तो माझं ऐकत नाही.

सीट परत पाठवलीय. आणखी एक इंच हवा. तू मनात काय म्हणशील ते मला कळतंय, पण हे काम मला सोडवत नाही. कुणाची मशीन महिनाभर अडलेली असते, मी पट्टा बदलतो, तेल सोडतो, ती चालू लागते आणि घरातली सगळी माझ्याकडे बघतात. तेवढ्यावर मी जगतो. दोन्ही टाचा टेकतात तोवर मी कामाचा माणूस आहे. टेकणार नाहीत त्या दिवशी किल्ली स्वतः तुझ्या वहिनीच्या हातात देईन. तसा शब्द दिलाय तिला.

तेव्हा साडेएकोणतीस कर. तुझ्या हातावर भिस्त ठेवून असलेला,

दादा

ता. ३० मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. वयाचं वगैरे काही नाही. डाव्या पायाच्या नसा मरत चालल्यात. पोटरी माझ्या मनगटाएवढी झालीय. डॉक्टर म्हणाले, औषध नाही. रोज व्यायाम करायचा, चालायचं, उभं राहायचं, म्हणजे पाय काही वर्षं साथ देईल. एकदा बसून राहिले तर गुडघा आहे तिथेच घट्ट होईल आणि मग कुणालाच काही करता येणार नाही. तुम्हाला कळवू नको अशी मला ताकीद आहे.

गेल्या मंगळवारी भर चौकात उभ्या गाडीसकट डावीकडे पडले. मागच्या ट्रकने कसाबसा ब्रेक लावला. घरी येऊन मला म्हणाले, शर्टाला ग्रीस लागलंय. मला हे शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. सीट परत आली की ते पुन्हा गाडी काढतील आणि घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागेल. चालू देत, घरभर फिरू देत, पण ती गाडी नको.

मी सांगून थकले. ते तुमच्या आकड्यापुढे कुणाचं ऐकत नाहीत. वन्सं, सीट खाली करू नका. उलट उंच करा आणि खाली आकडा मात्र साडेएकोणतीसच लिहा. टाचा टेकल्या नाहीत की किल्ली देतील, शब्दाचे पक्के आहेत. याचं पाप माझ्या माथी.

मला पाठीशी घाला, एवढंच मागते.

तुमची वहिनी

ता. १४ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस दुकान उघडलं नाही. मग उघडलं आणि तुम्ही सांगितलंत ते केलं. कापलेल्या जागी नवा फोम चिकटवून सीट पहिल्यासारखी बत्तीस केली. खाली साडेएकोणतीस लिहिलं. बाबांचा ३२ तिथेच होता, रेघ मारलेला. त्याच्या शेजारी लिहिताना खडू दोनदा मोडला.

दादाला चार ओळींचं वेगळं पत्र टाकलंय, की याखाली आता उतरणार नाही. त्याला अशा चार ओळी मी आजवर कधी लिहिल्या नव्हत्या. त्याला ओळखू येईल अशी भीती वाटते, आणि येणार नाही अशीही.

तो ट्रक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून केलं. त्याला जपा.

टाचणी

ता. २२ जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. सीट आली, ह्यांनी बसवली, गाडीवर बसले. पाय खाली सोडले, टाचा टेकल्या नाहीत. मग उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी ती डब्यात ठेवली आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. किती मूर्ख मी.

त्या दिवसापासून खुर्चीतून उठले नाहीत. व्यायाम सोडला, पेटी माळ्यावर टाकायला लावली. म्हणतात, टाचा साडेतीसला टेकत होत्या, आता साडेएकोणतीसला टेकत नाहीत. तीन महिन्यांत पाय संपला, आता कुणासाठी उभं राहायचं? डॉक्टरांनी समजावलं, इतक्या झपाट्याने जात नाही म्हणाले. तर हे म्हणाले, डॉक्टरांचा अंदाज असतो, माझ्याकडे बहिणीचा आकडा आहे.

दोन महिने झाले. खरं सांगायला रोज तोंड उघडते आणि जेवायला वाढू का एवढंच विचारते. तुम्ही सांगा हो. तुमचं मानतील.

तुमची, काय म्हणू,
वहिनी

ता. २७ जून

दादा,

नमस्कार लिहायचीही माझी लायकी नाही. आकडा खोटा आहे. सीट बत्तीस इंच आहे, बाबांनी केली होती तेवढीच. पट्टी लाव, टेप लाव, कुणालाही मोजायला सांग. तुझा पाय तीन महिन्यांत गेलेला नाही. जानेवारीत साडेतीसला टेकत होता, एप्रिलमध्येही टेकला असता.

तू पडलास हे मला कळलं होतं. तुला गाडीवरून उतरवायला निघाले आणि पायांवरून उतरवलं. मला मार, बोल, दुकानावरची बाबांची पाटी उतरवून ने. पण आधी उठ. आजच, हे पत्र हातात असतानाच उठ. मी परवा निघून येते. येताना करवत, फोम, सगळं आणते आणि तुझ्या अंगणात बसून तुझ्यासमोर सीट कापते, तुला हवी तेवढी खाली. तुझ्या पाया पडते दादा, उठ.

टाचणी

ता. १ जुलै

चि. टाचणी हिस,
अ. उ. आ.

वहिनीची तार मिळाली असेल, की येऊ नकोस. ती मीच करायला लावली. थोडे दिवस जाऊ दे.

पत्र तीनदा वाचलं. तू कुणाचं नाव घेतलं नाहीस, पण ते आल्यापासून तुझी वहिनी माझ्यासमोर ताट ठेवते आणि वर बघत नाही, त्यावरून समजलं. तिला मी काही बोललो नाही. तो ट्रक मीही पाहिला होता.

तुझ्यावर रागावलो. ते लपवत नाही. पण त्याहून जास्त माझा मला राग येतो. सीट पार्सलमधून काढली तेव्हाच गुबगुबीत दिसली होती. हाताला जाड लागली. मग उलटी करून तुझा आकडा वाचला आणि वाटलं, पायाबरोबर आता नजर आणि हातही चालले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीन मोजत आलो. घरात टेप होती, पेटीतच होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी उठायला गेलो. दाराची चौकट धरली, वहिनीने पाठीमागून धरलं. गुडघा होता तिथेच राहिला. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, दोन महिने फार होतात.

गाडी तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी विकली. घेणारा ताडमाड उंच होता. बसून बघितलं आणि म्हणाला, सीट जणू माझंच माप घेऊन केलीय. तुझ्या कामाची तारीफ झाली ती तुला कळवायला हवी.

आता एक काम आहे. पुढच्या आठवड्यात चाकांची खुर्ची येतेय. जुनी आहे, गादी पार बसलेली. नवी गादी तूच कर, दुसऱ्या कुणाच्या हातची मला नको. मापं वहिनी कळवेल. फोम उजवीकडे घट्ट भर, मी अजून तिकडेच कलतो.

आणि गादीखाली उंचीचा आकडा लिही. एकदा बसलो की तिच्यावरून मी उठणार नाही, त्यामुळे उलटून बघणं काही होणार नाही. तरी खरा लिही.

दादा