विहारापर्यंत नेलेली वायर

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावासाचं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन आजपासून सुरू, रोज संध्याकाळी तासभर. विहाराचं जुनं टिनाचं छप्पर काढलंय, कॉलम उभे आहेत, स्लॅब पावसाने अडकला. म्हणून यंदा बाजूच्या मैदानात लोखंडी पाइपांचा मांडव, वर ताडपत्री. वीज आमच्या घरातून. तीन दिवे, माइक, आणि एक टेबलपंखा, तोही वाचणाऱ्याच्या तोंडावर. एक वायर पुरली नाही, तर दोन एक्स्टेंशन एकमेकांत खोचले. जोड आला बरोबर मैदानाच्या मधोमध, चिखलात.

पुंजाजी काकाजींनी (ह्यांचे चुलते, विहार समितीचे अध्यक्ष; पुढे नुसतं पुं.का. लिहीन, एवढं लांब कोण लिहीत बसेल) जोड कॅरीबॅगमध्ये गुंडाळला, टेप मारली, वर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि घमेल्यावर दगड. "आता आभाळ फाटलं तरी थेंब जात नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी आयटीआयची तारतंत्री, म्हणजे वायरमन. वाशीमला दोन वर्षं शिकले, वर्गात एकटी मुलगी. विजेच्या जोडावर लोखंड कधीच घालायचं नसतं, तार उघडी पडली की तेच शॉक देतं. पण बोलले नाही. सुनेने चारचौघांत चुलतसासऱ्याला शिकवायचं म्हणजे...

बायका चाळीस तरी होत्या. पांढऱ्या साड्यांनी मांडव भरून गेला. छान वाटलं.

१४ जुलै

झड लागलीय, तीन दिवस उघडीप नाही. वाचताना दिवे लुकलुकत होते. ह्यांना म्हटलं, जोड बघायला हवा. हे म्हणाले, "काकाजीले सांग ना मंग." सांगायचं मीच! ऑटो चालवणाऱ्या माणसाला रिसोडच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे पाठ, पण काकांसमोर तोंड उघडत नाही. मीही तसलीच. उद्या सांगते.

१६ जुलै

नाही सांगितलं.

आज वाचनाला येताना वेणूआत्या चिखलात घसरली आणि तोल सावरायला हात टेकला तो नेमका घमेल्यावर. किंकाळीसुद्धा फुटली नाही. नुसती आखडली आणि बाजूला फेकली गेली. मी घरात धावले, मेन खाली ओढला. ह्यांनी ऑटोतून तिला रिसोडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वाचली, नशीब समजा. हाताला मुंग्या आहेत, तळव्यावर काळा डाग.

मग घमेलं उचललं. दगडाच्या भाराने काठ वायरमध्ये रुतून आतली तांब्याची तार उघडी पडलेली. कॅरीबॅगमध्ये ओंजळभर पाणी. टेपने आत शिरायचं बंद केलं नव्हतं, बाहेर निघायचं बंद केलं होतं.

मला सहा दिवसांपूर्वी कळलं होतं. वेणूआत्या शेजारीण आहे, मजुरीला जाते, तिचा उजवा हात म्हणजे तिचं पोट. मी गप्प बसले. हे इथे तरी खरं लिहून ठेवते.

१७ जुलै

समितीची बैठक. पुं.का. कालपासून जेवले नाहीत असं काकू म्हणाल्या. पण बोलताना आवाज तोच. मांडव बंद, वीज बंद, वाचन त्यांच्या ओसरीवर. त्या ओसरीवर पंधरा माणसं बसतात, तीही गुडघ्याला गुडघा लावून.

मी विचारलं, बायका कुठे बसतील?

"बायकाईनं यंदा घरीच पंचशील म्हणावं. पावसापान्याचं निंघता कायले?"

म्हणजे सगळा वर्षावास. दिवसभर सोयाबीन निंदून आलेल्या बायकांना संध्याकाळचा तो तासभर, तोही काढून घ्यायचा. मग माझं तोंड उघडलं. म्हटलं, विजेचा दोष नाही काकाजी, घमेल्याचा आहे. लोखंड होतं ते.

 पुं.का. माझ्याकडे वळले. "तुले त्याच दिशी दिसलं व्हतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाई वं सूनबाई?"

 

म्हटलं, मला चार दिवस द्या, मी नीट करून देते. बरीच कुजबुज झाली. शेवटी पुं.का.: "दिले. पन एक डाव जरी लाइट गेली त वाचन माह्या ओसरीवर. मंग आयकनार नाई." ठीक. आता मागे फिरायचं नाही.

१९ जुलै

वाशीमला गेले. दुकानदार मोबाइलमधून डोकं वर न काढता: "ताई, मिस्त्रीले पाठवा. तुमी चुकीचं नेसान, मंग परत करा लागते."

"मिस्त्री मीच आहे. तीन तारांची रबरी वायर, मधे जोड नको, मांडवापर्यंत पुरेल एवढी सलग. रबरी प्लग-सॉकेट. आणि ईएलसीबी, तीस मिलीअँपियर."

डोकं वर आलं! "साहेब, चहा घ्या," असं मला म्हणाला. साहेब. एसटीत रिठद येईपर्यंत एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

पावसात चालणारी झाकणाची पेटी मात्र संपलेली. काहीतरी करते.

२० जुलै

दिवसभर काम. घरातल्या बोर्डाजवळ ईएलसीबी बसवला. तार कुठूनही जमिनीत किंवा माणसात गळायला लागली की हा पापणी लवायच्या आत वीज तोडतो. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक होता, भर पावसाळ्यात! वरून कोणीतरी फरशी टाकली होती. कोळसा-मीठ भरून पाणी ओतलं. वायर बांबूंवरून डोक्याच्या वर नेली. मांडवाच्या टोकाला बोर्ड जोडायचा एक जोड राहतोच, त्याला काही इलाज नाही.

त्यासाठी तेलाची पाच लिटरची प्लास्टिकची कॅन. बूड कापून टाकलं, झाकण घट्ट, मुठीला दोरी, बांबूला छातीच्या उंचीवर टांगली. जोड आत. दोन्ही वायरी खालच्या उघड्या बाजूने आत जातात, आणि जाण्याआधी हातभर खाली झोळ खातात. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळतं, जोडापर्यंत चढत नाही.

बघायला बायका जमल्या. "खालून उघडं कसं ठेवलं बाप्पा?" मी म्हटलं, पाऊस खालून वर पडतो का? आणि आत दमटपणा धरलाच तर त्याला निघायला वाट नको? हसल्या. हे शिडी धरून उभे होते, मधेच म्हणाले, "आयटीआय काई वाया गेलं नाई म्हना तुहं." लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं माणसाला.

२१ जुलै

मांडवात वाचन. दोन सरी आल्या, दिवे जागचे हलले नाहीत. वेणूआत्या आली नाही. सकाळी भेटायला गेले तर म्हणाली, "तू लाख चांगलं केलं असन माय, पन माह्या पायाले तठी जायाचं भेव वाटते." डाव्या हाताने भाकरी थापत होती. माझ्याच्याने तिथे जास्त बसवलं नाही.

२ ऑगस्ट

लाइट गेली.

वाचन रंगात आलेलं, बाहेर धो धो, आणि सगळं काळं. गावात दिवे होते. म्हणजे आमचाच. धावत गेले, ईएलसीबी पडलेला, खटका खाली. चढवला, पुन्हा पडला. पुन्हा चढवला, पुन्हा.

पुं.का. मागे येऊन उभे. "हे डब्बं खराब हाये. काढ त्याले आन डायरेक्ट कर. लाइट लागते, माहीबी अट मोडत नाई, तुमचा मांडवबी राह्यते. मी काई बोलत नाई, जा."

खरं लिहायचं तर हात गेला होता पेचकसाकडे. दोन मिनिटांचं काम. मांडव वाचला असता, बायका राहिल्या असत्या, पुं.का. स्वतः परवानगी देऊन राहिलेले! पण मागच्या वेळी मी गप्प बसले होते.

म्हटलं, "काकाजी, डायरेक्ट नाही करणार. मांडव गेला तर जाऊ द्या. कोणी पाइपाला हात लावू नका, सगळे बाहेर या."

बायका भिजत बाहेर. त्यांच्या मनातल्या शिव्या मला ऐकू येत होत्या. मी एकेक प्लग काढून दर वेळी घरात येऊन डब्बा चढवून बघत गेले. पहिला दिवा काढला, पडतो. माइक काढला, पडतो. मागचा हॅलोजनचा दिवा काढला आणि ईएलसीबी टिकला. बाकी सगळं लावलं, टिकला. हॅलोजन उतरवून बॅटरीच्या उजेडात उघडला. आत पाणी, तार सुटून पत्र्याला चिकटलेली, आणि पत्रा बांधणीच्या तारेने थेट मांडवाच्या पाइपाला आवळलेला. तोच मागचा पाइप, ज्याला बायका टेकून बसतात.

पुं.का.ना दाखवलं. त्यांनी हॅलोजन हातात घेतला, उलटा केला, पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.  मग, "डायरेक्ट केलं असतं त?"

मी मागच्या पाइपाकडे बोट केलं. मागे ओळीने बायका उभ्या होत्या आणि त्यांनीही तो पाइप पाहिला.

"बसा वं सगळ्या," पुं.का. म्हणाले. "वाचन पुरं करा." दोन दिव्यांवर पुरं केलं. ओसरीचं नाव निघालं नाही.

३ ऑगस्ट

अंग दुखतंय.  सकाळी पाणी भरायला गेले तर तिघींनी विचारलं, आमच्या घरी बसवून देशील काय तो डब्बा. त्याला पडका डब्बा म्हणतात आता. पडतो म्हणून चांगला.

४ ऑगस्ट

वेणूआत्याला कोणीतरी हॅलोजनची गोष्ट सांगितली. मला हाक मारून विचारलं, "डब्बं पडलं तवा कोनाले काई झालं?" म्हटलं, कोणालाच नाही. "काईच नाई?" काहीच नाही. विचारात पडली.

२८ ऑगस्ट

आज लिहिताना हात थांबत नाही.

दुपारपासून असा पाऊस की नाल्याचं पाणी मैदानात आलं. संध्याकाळी मांडवात घोट्याएवढं पाणी. मला वाटलं, आज कोण येतंय. पण आले! पाटांवर, उलट्या टोपल्यांवर, सोसायटीच्या खताच्या पोत्यांवर बसले, पाय पाण्यात. मी दिवे लावायच्या आधी सगळं तपासलं. बोर्ड उंचावर, जोड कॅनमध्ये, कोरडा खडखडीत. बोट घालून बघितलं, धूळसुद्धा होती आत. झोळाच्या तळाशी पाण्याची धार लागलेली. गळतेय खाली, गळू दे.

चिठ्ठी लावून ठेवली होती घरातल्या डब्ब्याजवळ: हा पडला तर कोणीही चढवायचा नाही, कुंदाला बोलवा. पडलाच नाही!

वाचन मध्यावर आलं तेव्हा वेणूआत्या आली. डोक्यावर खताचं पोतं, साडी गुडघ्यापर्यंत. थेट आत. मागच्या पाइपाशी गेली, आधी बोटाच्या टोकाने शिवून पाहिलं, मग पाठ टेकून बसली. उजवा हात मांडीवर, सरळ, बोटं उघडी.

शेवटी "साधू, साधू, साधू" असं काही उठलं की ताडपत्रीवरचा पाऊस ऐकू येईना. मी रडले. कोणाला दिसलं नसेल, सगळेच ओले होते.

११ सप्टेंबर

पावसाने ताण दिला. ठेकेदार म्हणतो, आठवड्यात स्लॅब टाकू. स्लॅबमधले विजेचे पाइप आधी टाकावे लागतात. त्याचा इलेक्ट्रिशियन दुसऱ्या कामावर अडकलाय.

पुं.का. दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच काठी टेकून उभे. "स्लॅबातले पाइप तू टाक."

"टाकते. बैठकीच्या वहीत नाव लिहा माझं. कुंदा म्हणून. अशोकची बायको म्हणून नाही."

"लिवतो ना. तशी बी तुले अशोकची बायको कोन म्हनते आता? त्यालेच कुंदाचा नवरा म्हनतेत." पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना. दोन दात नाहीत.

हे ऐकत होते आतून. संध्याकाळी भाजी ह्यांनी केली. खारट.

१७ सप्टेंबर

उद्या स्लॅब. सकाळी सातला माल पडायला सुरुवात.

दिवसभर सळयांच्या जाळीवर ओणवी. वेणूआत्या हाताखाली होती, पाइप बांधायला तार पिळून देत होती, उजव्याच हाताने. समितीच्या कागदावर पंख्यांचे चार हूक, चारही पुढच्या भागात, जिथे पुरुष बसतात. मागे, बायकांच्या बाजूला, एकही नाही. कोणी मुद्दाम केलं नसेल. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढंच.

मी सहा बसवले. दोन मागे.

कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बैठक झाली असती, आणि बैठकीत आम्ही चाळीस जणी नाही, मी एकटी. उद्या सिमेंट पडलं की ते हूक कायमचे.

दिवस मावळायच्या आधी पुं.का. शिडीवरून वर आले. या वयात! कागद उघडला. काठीने एकेक हूक दाखवत मोजले, पुढून मागे. मागच्या दोघांपाशी काठी थांबली.  त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि उतरायला लागले. खालून म्हणाले, "सकायी माल पडाच्या आंधी येतो मी."

कशाला, ते नाही सांगितलं. मी साडेसहालाच जाऊन त्या दोन हुकांपाशी उभी राहणार आहे.