अलवंतिणीचे घर

विजयदुर्ग, मार्च १९५८

दादा,

'तीर्थस्वरूप' लिहायला हात वळत नाही. काकी बाळंतपणात गेली, तिची अलवंतीण झाली, भूत होऊन ती घरातच राहिली, म्हणून बारा वर्षे तुम्ही तिच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मी, एका मुलाची विधवा आई, दुसरे लग्न करून आले, तेव्हा तेच घर आम्हाला दिलेत. ह्यांच्या पहिल्या बायकोची सत्यवती मला कोणत्याच नात्याने हाक मारत नसे. भीतीने मात्र दोन्ही मुले मला बिलगून निजू लागली.

वर्षभरात काहीच दिसले नाही. आमच्यातले कोणी दगावत नाही, याची तुम्ही खात्री करून घेतलीत आणि काल घर रिकामे करा म्हणून माणूस पाठवलात.

मी बोलण्याआधी सत्यवती पुढे झाली. "मामांका सांगा, काकी अजून हयच आसा. माका दिसता, माझ्या आयेकय दिसता."

तो पाणीही न पिता गेला. पोरगी खोटे बोलली, पण मी रागावले नाही. 'आये' तिने पहिल्यांदाच म्हटले होते.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. घरात काही नाही, हे तुम्हाला कळता कामा नये.

एके काळची तुमची बहीण,
यमुना