काट मारलेल्या ओळी

बाई, कपाट आवरताना तुमच्या अक्षरातला कागद सापडला. ‘पॅक करू नये’, आणि खाली दोन रेघा. सांगलीच्या आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खोलीत, संगणकाच्या कडेला तो चिकटवलेला असायचा. पहिल्याच आठवड्यात मी कारण विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, या प्रोग्राममध्ये पेशंटची ओळ काढली तरी ती जात नाही. तिच्यावर काट पडते आणि ती यादीत दिसत नाही, एवढंच. पॅकचा हुकूम दिला की मात्र कायमची जाते. ‘माणूस वारला तर काट मारायची. पुसायचं नाही. तो अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.’ मी कॉलेजात शिकून आलेली. मला ते बाळबोध वाटलं.

पुढे विंडोजवरचा नवा प्रोग्राम आला. तुमचे पेशंटच्या नोंदींचे तक्ते त्याला जोडायचं काम माझ्याकडे. नक्कल करायची नव्हती. ओळी जुन्याच फाइलमध्ये राहणार, नवा प्रोग्राम त्या तिथूनच वाचणार. जुनी काट मानायची की नाही, हे त्याला आधी सांगावं लागतं. मी ते तपासलं नाही. ओळी नेहमीपेक्षा जास्त दिसल्या, तरी तुम्हाला विचारलं नाही. त्याच यादीवरून तपासणीच्या आठवणीची कार्डं छापली आणि टपालात टाकली.

कुंडलचा एक माणूस खिडकीशी उभा आहे. डोक्याला टॉवेल, हातात कार्ड. ‘आवं बाई, आमच्या आईला बोलावलंय तुमी.’

‘मग घेऊन या की,’ मी म्हणते.

‘आनतो. पर लय लांबनं आनाया लागंल. जाऊन पाच वर्सं झाली तिला. गाडी पाठवतासा?’

बाकावरची दोघंतिघं हसतात. तुम्ही उठता, त्याला आत बसवता, चहा मागवता, आणि आईला शेवटी दिसत होतं का, एवढंच विचारता. ‘दिसत हुतं की. तांदळातला खडा काढायची.’ तो गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘न विचारता जोडलंस. आता घरोघरी माफीचं पत्र. हाताने लिही.’ पत्ते तुम्हीच काढून दिलेत, एकतीस घरांचे. मी एकतीस पत्रं लिहिली. शेवटच्या पत्रापर्यंत माफी उरली नव्हती, नुसता राग होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा खायला गेलात तेव्हा मी जुना प्रोग्राम उघडला आणि पॅक केलं. तुम्हाला सांगितलं नाही. निवृत्तीनंतर तुम्ही साताऱ्याला गेलात. मी दोनदा भेटायला आले, दोन्ही वेळा तुम्ही विचारलंत, ‘फाइल नीट आहे ना?’ मी हो म्हणाले. तुमची बातमी आली तेव्हा रडू आलं नाही. आताही येत नाही.

हे पत्र पाकिटात घालणार नाही. गेलेल्या माणसाच्या घरी टपाल पाठवू नये, हे तुमच्याकडूनच शिकले. एक सांगायचं राहिलं. पॅक करण्याआधी मी काट मारलेल्या ओळी मोजल्या होत्या. बत्तीस भरल्या. बत्तिसावी तुमच्या यजमानांची. डावा डोळा, मोतीबिंदू, आणि शेऱ्यात तुम्ही टाइप केलेलं: ‘थेंब स्वतः घालत नाहीत.’ म्हणजे एक कार्ड तुमच्याही घरी आलं होतं आणि तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. ते मला तिथेच कळलं. मग मी एंटर दाबलं.