बादलीतला हात

मंगळवार, संध्याकाळ. पेण.

डायरी, शुद्धलेखन चुकलं तर माफ कर. मोबाईलवर एका बोटानं हळूहळू लिहितेय, बाकीच्या बोटांचा रंग निघत नाय.

आज रोह्याहून माझीच शाळा आमचा गणपतीचा कारखाना बघायला आली. माझाच वर्ग, आता दहावीतला. मी नववीत सोडली, इथं कामाला लागले.

सरांनी जुनी कविता म्हणून दाखवली. मातीचं शेवटी मातीत जातं, असा अर्थ होता. मग बादलीत दोन तुटके हात सोडले, एक शाडूचा, एक प्लास्टरचा. सगळे कारखाना फिरून येईपर्यंत शाडूचा विरघळला. प्लास्टरचा तसाच तळाशी, बोटंपण शाबूत.

"मग प्लास्टरचे गणपती बनवणं बरोबर का चूक?" सरांनी विचारलं. सगळे एकदम ओरडायला लागले. स्नेहल, माझ्याच बाकावर बसायची ती, माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

ताई! धुळीसाठी तोंडाला फडकं बांधलेलं, म्हणून असेल. फक्त खाली ओढायचं होतं. का नाय ओढलं? बोलायचं होतं, चूकच वाटतं गो, पण गिऱ्हाईक हेच मागतात. मी नुसती फडक्याची गाठ चाचपत राहिले.

"अगो, हात चालव!" शेठ ओरडले. सगळी हसली. फडक्याच्या आत मीपण.

बस गेल्यावर बादली ओतली. तो हात काय टाकवला नाय. धुवून खिडकीत ठेवलाय.

गावाहून, खांबहून आईचा फोन आला, म्हशीला रेडी झाली. शाळा आलेली, ते काय तिला सांगितलं नाय.